बानपोचे खड्डे

चीनमधल्या शिआनहून मातीच्या सैनिकांची फौज पाहायला निघालेल्या टूरच्या बस शहराच्या पूर्व अंगाला बऱ्याचदा एक थांबा घेतात. त्या थांब्याचं नाव बानपो. प्रागैतिहासिक वस्तीच्या जागेवरच उभारलेलं हे चीनमधलं पहिलं संग्रहालय. ते 1958 मध्ये उघडलं तेव्हा मातीच्या फौजेचा शोध लागायला अजून सोळा वर्षं होती. आज मात्र अख्खा दिवस फौजेचा, आणि बानपोच्या वाट्याला पाऊण तास.

त्या पाऊण तासात दिसतं काय? एक अवाढव्य छप्पर, कडेकडेने फिरणारा कठडा आणि खाली खड्डे. लहान, मोठे, गोल, चौकोनी, एकात एक घुसलेले. मातीचा रंग सगळीकडे तोच, पिवळट तपकिरी. महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाला खड्ड्यांचं अप्रूप ते काय असणार! बहुतेक जण एक चक्कर मारतात, दोन फोटो काढतात आणि भांड्यांच्या दालनाकडे वळतात. भांडी सुंदर आहेत, प्रश्नच नाही. पण माझ्या मते बानपोची मूळ संहिता या छपराखाली आहे आणि काचेतली भांडी या तिच्या तळटीपा. घरं गेली, छपरं गेली, माणसं गेली. त्यांनी जमिनीला पाडलेली भोकं तेवढी राहिली. भोकं वाचता आली तर बानपोसारखं दुसरं संग्रहालय नाही.

जागेची हकीकत थोडक्यात अशी. 1953 मध्ये चान नदीच्या पूर्व काठावर वीजकेंद्राच्या बांधकामासाठी खोदाई चालू असताना रंगीत खापरं वर आली. पुढे 1954 ते 1957 या काळात शी शिंगबांग यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झालं. वस्तीचा पसारा सुमारे 50,000 चौरस मीटर. त्यातला 10,000 चौरस मीटर खणला. वस्ती नवाश्मयुगीन, यांगशाव संस्कृतीची, इ.स.पू. 4800 ते 4300 च्या आसपासची. पीक मुख्यतः राळ्याचं. पाळलेली जनावरं म्हणजे डुकरं आणि कुत्री. शिवाय नदीत मासे आणि रानात हरणं होतीच. धातू अजून कोसो दूर.

आता एका गोल घरापाशी थांबू. कठड्यावरून खाली पाहिलं की आधी मधोमध भाजून कडक झालेला एक खळगा दिसतो. ती चूल. चुलीच्या आजूबाजूला मोजकी मोठी भोकं. छपराचा भार घेणारे खांब तिथे रोवलेले होते. आणि परिघावर दाटीवाटीने बारीक भोकांची माळ. ती भिंत. बारीक काठ्या ओळीने उभ्या करायच्या, त्यांच्यात फांद्या गुंफायच्या आणि गवत कालवलेल्या चिखलाने दोन्ही अंगांनी लिंपायचं, ही कुडाची रीत आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. माळ एका ठिकाणी तुटते ते दार. बरीच दारं दक्षिणेकडे आहेत. इथल्या शेन्शी प्रांताचा हिवाळा सोसलेल्या माणसाला कारण विचारावं लागत नाही. दाराच्या आत दोन्ही बाजूंना बुटक्या भिंतींच्या खुणा आहेत. दार उघडलं की वारा थेट चुलीवर आणि चुलीशेजारी निजलेल्यांवर येऊ नये म्हणून हा आडोसा असावा.

काठी कुजून जाते. मग सहा हजार वर्षांनी तिचं भोक दिसतं कसं? लाकूड कुजत जातं तशी ती पोकळी वरून पडणाऱ्या मातीने भरते. ही माती सैल असते, बहुधा काळपट असते, तिच्यात कोळसा, राख, कुजलेलं काहीबाही मिसळलेलं असतं. भोवतालची मूळ माती घट्ट आणि फिकट. खणणारा जमीन अगदी पातळ पातळ तासत जातो तेव्हा फिकट पार्श्वभूमीवर एक काळसर वर्तुळ उमटतं. ते वर्तुळ हलक्या हाताने रिकामं केलं की काठी उभी होती ती जागा मोकळी होते. या कामाला शेन्शीची माती मोठी गुणाची आहे. वाऱ्याने हजारो वर्षं आणून टाकलेली ही बारीक पिवळी माती सरळ कापली तर टेकूशिवाय उभी राहते. त्या मुलखात डोंगर कोरून केलेल्या घरांत लोक आजही राहतात. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आत दडलेलं सगळं जरा जरा हलवते. बानपोच्या मातीने मात्र बोटाएवढ्या काठीचाही आकार सोडला नाही.

यापुढचा पाठ जरा अवघड. हॉलमध्ये घरांच्या रेषा एकमेकींवर चढलेल्या दिसतात. एका घराची भिंत दुसऱ्या घराच्या जमिनीतून जाते, एक खड्डा चुलीचा कोपरा खाऊन टाकतो. इथे नियम एकच: जो कापतो तो नंतरचा, जो कापला जातो तो आधीचा. हा नियम लक्षात ठेवून पाहिलं की सपाट नकाशासारखा वाटणारा तो पसारा हलायला लागतो. घर जुनं झालं, पडलं किंवा जळलं. जागा काही वर्षं पडीक राहिली, तिथे कोणी कचरा टाकला, मग कोणाच्या तरी नातवंडांनी तिथेच नवं घर घातलं. उत्खननात सुमारे 46 घरं सापडली असं सांगितलं जातं, आणि ऐकणारा मनातल्या मनात 46 चुली एकदम पेटवतो. तसं गाव कोणत्याही एका संध्याकाळी अस्तित्वात नव्हतं. छपराखाली दिसतात त्या कित्येक पिढ्या, एकाच पातळीवर आणलेल्या. प्रदर्शनाच्या मांडणीत ही गोष्ट ठळक व्हायला हवी होती. ती होत नाही. डोळ्यांनाच ते काम करावं लागतं.

घरांच्या मध्ये पेवं आहेत, दोनशेहून जास्त. तोंड अरुंद, पोट मोठं, आपल्याकडच्या जुन्या पेवांचाच घाट. काहींत राळ्याचे कुजलेले थर मिळाले. एका छोट्या भांड्यात भाजीचं बी होतं, मोहरी-कोबीच्या कुळातलं. पुढच्या हंगामासाठी कोणीतरी जपून ठेवलेलं ते बियाणं असेल, तर तो हंगाम त्या घराला मिळाला नाही.

वस्तीभोवती खंदक होता. वर सहा ते आठ मीटर रुंद, पाच ते सहा मीटर खोल. त्याचा एक तुकडा हॉलमध्येच दिसतो. दगडी आणि लाकडी अवजारांनी एवढा चर खणायचा आणि माती पाट्यांनी वर काढायची, म्हणजे किती हात आणि किती ऋतू लागले असतील! जनावरं अडवायला, शेजारच्या माणसांना अडवायला की पाणी काढून द्यायला, यावर मतं निरनिराळी आहेत. मला त्यातली मोलाची गोष्ट वेगळी वाटते. घर एका कुटुंबाला बांधता येतं, खंदक नाही. तो कुठून कुठवर जावा, कोण कधी राबेल, कोणाचं घर आत येईल आणि काय बाहेर राहील, हे सगळं कोणीतरी बसून ठरवलं असणार. मोठ्यांची दफनभूमी खंदकाच्या पलीकडे उत्तरेला आहे. भांडी भाजायच्या भट्ट्याही घरांपासून दूर, पूर्वेला.

मग भांड्यांची दालनं. तिथेही माझी नजर भोकांवरच जाते, त्याला इलाज नाही. वाफेवर अन्न शिजवायचं मातीचं भांडं आहे, तळाला भोकं असलेलं. आपल्या मोदकपात्राची चाळणीच जणू. हाडाच्या सुया आहेत, त्यांना नेढं आहे. मासे पकडायचे हाडाचे गळ आहेत आणि त्यांना अडकलेला मासा निसटू नये म्हणून उलटा काटाही काढलेला आहे. मातीची अंडाकृती शिट्टी आहे. कापड मात्र एकही नाही, चटई एकही नाही. पण काही भांडी उलटी करून मांडली आहेत, त्यांचे तळ पाहावेत. ओलं भांडं घडवताना कुंभाराने, किंवा कुंभारणीने, ते चटईवर ठेवलं आणि चटईची वीण ओल्या मातीत उमटली. भट्टीत ती कायमची पक्की झाली. वीण कुठे सैल पडली, कुठे पात संपून नवी जोडली, तेही दिसतं. विणणारा कुशल होता एवढं त्या वीतभर तळावरून नक्की म्हणता येतं. काही तळांवर कापडाचा ठसा आहे, उभा-आडवा धागा मोजता यावा इतका स्पष्ट. पोटावर रंगवलेल्या हरणांचं आणि माशांचं कौतुक सगळे करतात. माझं मत तळांना.

आणि तरीही, ज्या वाडग्यासाठी बानपो जगभर ओळखलं जातं, त्याला वगळून पुढे जाता येणार नाही. हा मूळ वाडगा 1955 मध्ये सापडला, आणि तो इथे नाही. बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. उंची साडेसोळा सेंटीमीटर, तोंड जवळजवळ चाळीस सेंटीमीटर रुंद. तांबडी, बारीक पोताची माती आणि त्यावर काळी चित्रं. चित्रं आतल्या बाजूने आहेत, हे लक्षात ठेवायचं. समोरासमोर दोन मानवी चेहरे आणि त्यांच्या मध्ये दोन मासे. चौघं जणू एकमेकांमागून गोल फिरताहेत. चेहरा अगदी गोल. डोळे म्हणजे दोन आडव्या रेघा, मिटल्यासारख्या. डोक्यावर टोकदार काहीतरी, टोपी म्हणा, केस म्हणा, त्याला माशाच्या परांसारखी झालर. कपाळाचा एक भाग काळा रंगवलेला. कानांच्या जागी मासे. तोंडाच्या दोन्ही बाजूंनीही मासेच निघतात, किंवा तोंडात शिरतात. रेषा दोन्ही अर्थांना वाव देते.

या चेहऱ्याचे अर्थ लावणाऱ्यांची रांग मोठी आहे. कुणाला ते कुळाचं देवक वाटतं, कुणाला अंगात आलेला मांत्रिक, कुणाला मुखवटा, कुणाला सुफलतेची खूण, कुणाला जन्माला येणारं मूल. परग्रहावरच्या माणसापर्यंत मजल गेलेली आहे. मला यात एकदम पटेल असं एकही सापडत नाही, आणि रसिक म्हणून त्याची निकडही वाटत नाही. चित्रकाराची एक चाल मात्र पुन्हा पुन्हा पाहावीशी वाटते. मासा त्याने त्रिकोणांनी आणि जाळीदार रेघांनी काढला, आणि चेहऱ्याच्या टोपीला आणि तोंडालाही तेच त्रिकोण, त्याच रेघा वापरल्या. म्हणजे माणूस कुठे संपतो आणि मासा कुठे सुरू होतो हे हाताच्या सवयीनेच पुसून टाकलं. अर्थ काहीही असो, ही युक्ती अव्वल चित्रकाराची आहे.

हा वाडगा स्वयंपाकघरात सापडला नाही. तो एका कुंभाचं झाकण होता आणि कुंभात लहान मूल होतं. बानपोत मोठ्या माणसांच्या 174 कबरी सापडल्या, आणि कुंभात पुरलेल्या लहान मुलांच्या 73. मोठी माणसं खंदकापलीकडे, मुलं मात्र घरांच्या आसपास. रांजणासारखं भांडं उभं ठेवायचं, आत मूल, वर वाडगा पालथा घालायचा. वाडगा पालथा घातला की त्याच्या आतली चित्रं मुलाच्या डोक्यावर येतात. बाहेरून कोणाला ती दिसणार नाहीत. दिसलीच तर आतल्याला. अशा झाकणांच्या तळाला बऱ्याचदा एक लहान भोक पाडलेलं असतं. आत्म्याला ये-जा करता यावी म्हणून ते ठेवलं, असं स्पष्टीकरण दिलं जातं. ते सिद्ध करता येण्यासारखं नाही, पण ते भोक काही वापरताना चुकून पडलेलं नाही, एवढं उघड आहे. चांगलं भांडं घेऊन त्याला मुद्दाम भोक पाडलं की ते पाण्याच्या कामातून कायमचं जातं. कोणीतरी ते जाणूनबुजून केलं.

इथे मराठी वाचकाला इनामगाव आठवल्यावाचून राहत नाही. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी, डेक्कन कॉलेजने 1968 पासून पुढे पंधराएक वर्षं उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्या कामाशी जोडलेली नावं. काळ इ.स.पू. 1600 ते 700, म्हणजे बानपो उजाड होऊन अडीच हजारांहून जास्त वर्षं लोटली होती, आणि संबंध तर कसलाच नाही. पण तिथेही लहान मूल कुंभातच, आणि तेही घराच्या जमिनीखाली. दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे, मध्ये मूल. मोठ्यांना मात्र सहसा कुंभ नाही, खड्ड्यात सरळ निजवायचं, आणि पुष्कळांचे पाय घोट्याखाली तोडलेले. मेलेल्याने उठून चालू नये, घराभोवती घुटमळू नये, म्हणून असावं, असा अर्थ अभ्यासकांनी लावला. एका गावात मेलेल्याला वाट ठेवायची म्हणून झाकणाला भोक, दुसऱ्या गावात त्याची वाट बंद व्हावी म्हणून पाय तोडलेले. दोन्ही वाचनं आपली, आजची. पण पुरावा हाताशी ठेवून केलेली वाचनं आहेत, आणि ती शेजारी ठेवली की प्रत्येकाची धार कळते. इनामगावच्या जमिनीवर बानपोसारखं छप्पर नाही. तिथल्या वस्तू पाहायला येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात जावं लागतं, आणि वस्तू पाहून घराच्या जमिनीचा अंदाज करावा लागतो. छपराची किंमत अशी दुसरीकडे ते नसल्यावर कळते.

बानपोवर माझा जो आक्षेप आहे तो माहितीच्या पाट्यांच्या ठाम सुराला. संग्रहालय उघडलं त्या काळात चीनमध्ये मॉर्गन आणि एंगल्स यांच्या मांडणीचा दबदबा होता: मानवी समाज आधी मातृसत्ताक, मग पितृसत्ताक. त्या चौकटीत बानपो मातृसत्ताक टप्प्याचं आदर्श गाव म्हणून बसवलं गेलं. मातृसत्तेवर लिहिणारे शरद पाटील वाचलेल्या माणसाला ही चर्चा परकी नाही, आणि मातृसत्तेचा प्रश्न उडवून लावावा असंही मला म्हणायचं नाही. प्रश्न बानपोच्या पुराव्याचा आहे. एका कबरीत दोन पुरुष एकत्र, दुसरीत चार स्त्रिया एकत्र. म्हणजे नवरा-बायको असं कुटुंब नव्हतं, असा निष्कर्ष काढला गेला. काढता येईल, पण इतर चार निष्कर्षही तिथूनच निघतात. आणखी एक कबर नेहमी पुढे केली जाते. तीन-चार वर्षांच्या एका मुलीला कुंभात न घालता मोठ्यांसारखं पुरलं आहे, भोवती लाकडी फळ्यांच्या खुणा आहेत, आणि सोबत भांडी, दगडी मणी, कानातलं, अशा सत्तरहून जास्त वस्तू. एवढ्या लहान मुलीला एवढा मान, म्हणून मुलींना मान. पण या वयाच्या नुसत्या हाडांवरून मुलगा की मुलगी हे खात्रीने ओळखता येत नाही. तेव्हा ‘मुलगी’ हे वाचन हाडांवर किती आणि मण्यांवर किती उभं आहे, हा पहिला प्रश्न. दुसरा त्याहून अवघड: स्वतः काहीही न कमावलेल्या पोराला इतकं मिळतं, म्हणजे सगळे सारखे होते या चित्राला तडा जातो. चिनी अभ्यासकांनीही पुढे या जुन्या मांडणीवर शंका घेतल्या. काही वर्षं संग्रहालयाच्या मागच्या अंगाला पर्यटकांसाठी एक नकली मातृसत्ताक गावही थाटलं होतं, झोपड्या आणि नाचगाण्यांसकट. ते बंद पडलं, बरं झालं.

छपराबद्दलही दोन शब्द. पहिला हॉल पन्नाशीच्या दशकातला. तो जीर्ण झाला आणि या शतकाच्या पहिल्या दशकात त्याच्या जागी नवा बांधला. ऐकायला सोपं वाटतं. पण छपराखालची मूळ जमीन ही इथली मुख्य वस्तू आहे. ती उचलून गोदामात ठेवता येत नाही. शिवाय उघडी पडलेली माती सुकते, तडकते, तिच्यावर क्षार येतात, शेवाळ धरतं. पाऊस अडवला तरी जमिनीखालून ओल चढतेच. काचेतल्या वाडग्याला नुसतं सांभाळायचं असतं. खड्ड्याला खड्डा म्हणून टिकवायचं म्हणजे त्याच्या कडा रोज ढासळत असताना त्यांना धरून ठेवायचं. हे काम पर्यटकाला दिसत नाही, आणि दिसायलाही नको.

खणायचं राहिलेलं गावही कमी नाही. वस्तीचा मोठा भाग उत्खननाबाहेरच राहिला. आज खणलं असतं तर माती चाळून, पाण्यात घोळवून बारीकसं बी वेगळं केलं असतं, भांड्यांच्या आतला थर खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली घातला असता. असं केलं की काय होतं याचं उदाहरण चान नदीच्याच काठावर आहे. मिजियाया या सुमारे 5,000 वर्षांपूर्वीच्या वस्तीत दोन खड्ड्यांत फनेल, मडकी आणि निमुळत्या बुडाच्या बाटल्या मिळाल्या होत्या. त्यांच्या आतल्या थराची तपासणी 2016 मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्यातून बार्ली, भरड धान्य आणि कंद यांची बिअर गाळल्याचा माग निघाला.

निमुळत्या बुडाची ही बाटली बानपोचीही ओळख आहे. पिढ्यान् पिढ्या पाठ्यपुस्तकांत तिचं कार्य ठरलेलं: दोरी बांधून नदीत सोडली की आपोआप आडवी होते, भरली की आपोआप उभी राहते, पाणी भरायची हुशार युक्ती. प्रयोग करून पाहिले तेव्हा बऱ्याच बाटल्या असं नीट वागल्या नाहीत. मिजियायानंतर तर बानपोच्या बाटल्यांकडेही निराळ्या नजरेने पाहणं भाग आहे, काळाचं अंतर जमेस धरूनही. संग्रहालयाच्या अंगणात, पाण्याच्या कुंडात, एका तरुण मुलीचा पुतळा आहे. तिच्या हातात तीच बाटली आहे आणि ती अर्थातच पाणी भरते आहे. पुतळा राहू दे. बाटलीत काय असावं याबद्दल शेजारच्या पाटीवर आणखी एक ओळ घातली, आणि तिच्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवलं, तरी पुष्कळ झालं.